पुरे म्हणणाऱ्यांचं गाव

ओमानमध्ये असताना मी लोकांना सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "घरात एसी किती लावणार?" बायको थट्टा करायची, की तुम्ही कुणाच्या मयताला गेलात तरी आधी एसी मोजाल. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

आमच्या कंत्राटदार कंपनीचं ऑफिस मस्कतला, अल् खुवैरमध्ये होतं. ज्या डोंगरी वस्त्यांवर विजेची मुख्य लाईन अजून पोचली नव्हती, तिथे खांब टाकून ती पोचवायची कामं कंपनी घ्यायची. खांब उभे राहण्याआधी कुणीतरी जाऊन घरं मोजायची, कोण काय काय लावणार ते विचारायचं, त्याची बेरीज करायची आणि त्यावरून गावाला केवढा ट्रान्सफॉर्मर लागेल ते ठरवायचं. तो कुणीतरी म्हणजे मी. शिक्षण डिप्लोमापर्यंतचं, पण गावोगावचे लोक मला मुहन्दिस म्हणायचे, म्हणजे इंजिनियर. पहिली दोन वर्षं मी दुरुस्ती करत बसलो. नंतर तो नाद सोडला. फुकटची बढती कुणाला नको असते?

माझ्या सिंधुदुर्गातल्या वाडीत लाईट आली तेव्हा मी पाचवीत होतो. आली म्हणजे अधूनमधून यायची. डीपी दोन वाड्यांत मिळून एकच. कुणाच्या घरी लग्न असलं की शेजारपाजारचे आपणहून पंप बंद ठेवायचे, नाहीतर मांडवातले दिवे काकडआरतीच्या निरांजनाइतकाच उजेड द्यायचे. माझे वडील जेवणं झाली की घरभर फिरून दिवे मालवत, अगदी ज्या खोलीत माणूस बसलेला असेल तिथलासुद्धा. ते वळण माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की अल हैलमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये मीही तसाच फिरायचो आणि माझी मुलगी अंधारातून शांतपणे सांगायची, "पपा, आय ॲम स्टिल हिअर." तिचं मराठी बेताचंच होतं, पण अंधारात बसवल्याचा राग तिला इंग्रजीतून नीट व्यक्त करता यायचा.

ज्या गावाबद्दल मी सांगतोय ते मस्कतपासून गाडीने अडीच तासांवर होतं. शेवटचा तासभर रस्ता कोरड्या नदीच्या पात्रातून जायचा. बावीस घरं, खजुराची आणि लिंबाची बाग, आणि चारी बाजूंनी उघडेबोडके डोंगर. गाव फारसं उंचावर नव्हतं, त्यामुळे डोंगर असून थंडावा नाही. उन्हाळ्यात दगड तापले की दिवस मावळला तरी निवत नसत. विजेच्या नावाने गावाचा एक डिझेल जनरेटर होता. तो सूर्य मावळल्यावर सुरू व्हायचा, मध्यरात्री बंद व्हायचा, आणि कडक उन्हाळ्यात दुपारीही दोनेक तास चालायचा. बिघडला की शहरातून सुटा भाग येईपर्यंत चार-चार दिवस गाव तसंच. आमचे भारतातले नातेवाईक म्हणायचे, ते लोक तर तेलावर बसलेत, त्यांना कसली टंचाई. तेल जमिनीखाली असतं आणि गाव डोंगरापलीकडे असतं, हे मी सांगून सांगून थकलो.

गावात माझं सगळं बोलणं एका म्हाताऱ्या गृहस्थाशी व्हायचं. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळा, आवाज मात्र खणखणीत. तरुणपणी वाळवंटातल्या तेलाच्या छावणीत आपल्याकडच्या लोकांबरोबर काम केल्यामुळे त्याला हिंदी येत होतं. मी त्याला बाबा म्हणायचो. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण फलजच्या पाळ्या तो बघायचा. फलज म्हणजे डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बागेपर्यंत आणणारा पाट. कुणाच्या झाडांना किती वेळ पाणी मिळणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं आणि दिवसा ती वेळ जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवरून मोजतात. बाबाच्या मनगटावर चांगलं घड्याळ होतं. तो आधी सावली बघायचा आणि मग घड्याळ बरोबर चालतंय की नाही ते बघायचा.

माझ्या मोजणीच्या दिवशी तो माझ्याबरोबर घरोघर फिरला. प्रत्येक घरात चटई, खजूर, कडू कॉफीचे इवलेसे कप. कप हलवून दाखवला नाही तर पुन्हा भरतात, हे मला एव्हाना कळलं होतं. मग मी कागद काढून विचारायचो, एसी किती लावणार? घरमालक बाबाकडे बघायचा, थोडा हसायचा आणि म्हणायचा, "एक. बस. अल्हमदुलिल्ला." बाविसाव्या घरातही तेच उत्तर आलं. बाबाचं स्वतःचं उत्तरही तेच होतं.

ऑफिसच्या तक्त्याप्रमाणे अशा वस्तीत दर घरामागे चार एसी धरायचे होते. पण प्रत्यक्ष जाऊन विचारलं असेल तर विचारलेला आकडा घ्यायलाही मुभा होती. मी एक धरला. खरं सांगायचं तर मला ते गाव फार आवडलं होतं. मस्कतमध्ये बाल्कनीचं दार उघडं टाकून एसी चालवणारे लोक रोज बघून माझं डोकं फिरायचं, आणि इथे माणसं म्हणत होती की एक पुरे. मला ती माझ्या वडिलांच्या गोत्रातली वाटली. तक्त्याच्या हिशेबाने लागला असता त्याच्या जेमतेम निम्म्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर मी लिहून दिला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

निघताना बाबाने लिंबांनी भरलेली एक गोणी माझ्या गाडीत टाकली. म्हणाला, तुझं ऑफिस अल् खुवैरला ना, मग ही माझ्या घरच्यांना दे. त्याचा मुलगा सरकारी नोकरीत होता आणि आमच्या ऑफिसच्या मागच्याच रस्त्यावर एका फ्लॅटमध्ये राहायचा. बाबाची बायकोही तिथेच होती. तिथे का, ते मला दार उघडल्यावर कळलं.

बाहेरच्या खोलीत ती भिंतीला टेकून बसली होती. नाकाला नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतला ऑक्सिजन काढून देणारं, सतत घरघरणारं मशीन. तिची फुफ्फुसं निकामी होत चालली होती. मशीन थांबलं तर जवळच्या सिलिंडरवर दोन-तीन तास निघत, त्यापुढे नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की चोवीस तास वीज असेल तिथेच राहायचं. म्हणून तीन वर्षं ती या चौथ्या मजल्यावर होती. मुलगा चांगला होता, सूनही चांगली होती. तरी तिने गोणीतलं एक लिंबू हातात घेतलं, आणि नखाने साल खरवडून ती बराच वेळ वास घेत राहिली.

मग तिने अरबीत काहीतरी विचारलं. मुलाने मला हिंदीत सांगितलं, "अम्मी विचारतेय, लाईट कधी?"

"इन्शाल्ला, हिवाळ्यात," मी म्हटलं.

ती हसली. मुलगा भाषांतर करताना ओशाळला. "ती म्हणते, इन्शाल्ला तर आहेच. तू महिना सांग."

मी जानेवारी सांगितला. का सांगितला देव जाणे, कारण असे शब्द कंत्राटी कामात कुणी देत नाही. पण एकदा सांगितल्यावर मी त्या कामाच्या हात धुऊन मागे लागलो. खांब अडले तिथे जाऊन बसलो, तारेचं रीळ दुसऱ्या कामावरून भांडून आणलं, सगळ्यांशी वाईटपणा घेतला. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गावात लाईन चालू झाली. जनरेटर कायमचा बंद केल्यावर पहिल्यांदाच मला त्या गावाची संध्याकाळची शांतता ऐकू आली, पाटाच्या पाण्याचा आवाजसुद्धा. आठवड्याभरात मुलगा आईला घेऊन गावी गेला, देखभालीला सूनही तिथे राहिली. नंतर एका फेरीत मी गेलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती आणि खिडकीतून लिंबाची झाडं दिसत होती. मशीन तसंच घरघरत होतं. तिने मला लांबूनच हात वर करून दाखवला. मला त्या दिवशी स्वतःबद्दल फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

मार्च-एप्रिलमध्ये शहरातली मुलं सुट्टीला गावी येऊ लागली आणि प्रत्येकाने येताना आईबापांसाठी एसी आणले. एक बैठकीत, एक आईवडिलांच्या खोलीत, एक बायकांच्या खोलीत, एक स्वतः आल्यावर झोपायला. मी गेलो तर भिंतीभिंतीवर पांढरी खोकी. मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच सोडून दिली. मनाची समजूत घातली की सगळे एकदम कशाला चालवतील?

सगळे एकदम चालतात असा महिना त्या वर्षी जूनमध्ये आला. रमजान. उपवासामुळे दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही, सगळं गाव दारं लावून निजलेलं असतं, आणि बाहेर दगड फुटतील असं ऊन. दुसऱ्याच आठवड्यात दुपारी एकच्या सुमारास बाबाचा फोन आला. "मुहन्दिस, कहरबा खलास." लाईट गेली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सिलिंडर लावलाय."

ते अडीच तास मी कसे कापले ते मला आजही आठवायला नको वाटतं. बरोबर आमचा लाईनमन होता. बिहारचा, माझ्या दुप्पट खांब पाहिलेला माणूस. तो वर चढला, उडालेला फ्यूज बदलला. सिलिंडर संपायच्या आत मशीन पुन्हा सुरू झालं. तो खाली उतरून घाम पुसत म्हणाला, "साब, ये तो छोटा है." ट्रान्सफॉर्मरबद्दल बोलत होता. मी म्हटलं, नवीन लाईन आहे, गरमी आहे, घडी बसेल हळूहळू. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पक्कड पिशवीत टाकली. मी ऑफिसला फोन लावायला गाडीत जाऊन बसलो. तो तेवढ्यात सावलीत जाऊन गावकऱ्यांजवळ टेकला.

परतताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या बावीस घरांनी "एक, बस" म्हटलं ते कसं म्हटलं होतं हे मला आठवलं, आणि मी स्वतःवरच चडफडलो. आमच्याकडे पंक्तीत वाढपी आला की माणूस पानावर हात धरून नको म्हणतो. तो पहिला नको कुणी ऐकत नाही. वाढपी दुसऱ्यांदा येतो, तिसऱ्यांदा येतो, तेव्हा कुठे माणसाच्या पोटात खरी किती भूक आहे ते कळतं. पहिल्या नकोवर पुढे सरकणाऱ्या वाढप्याला आमच्या वाडीत कुणी पुन्हा पंक्तीला उभं करणार नाही. दारी आलेल्या परक्या माणसाने विचारल्यावर मला चार हवेत असं कुठला घरंदाज माणूस सांगेल? ते भिडेने पुरे म्हणत होते आणि मी, मालवणी माणूस, जन्मभर आग्रह करून आणि करवून घेतलेला, त्यांचं पहिलं पुरे ऑफिसच्या कागदावर उतरवून आलो होतो. एखाद्या जर्मन इंजिनियरने हे केलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं.

चूक कळली होती. उपायही साधा होता. ऑफिसात जाऊन सांगायचं की माझा आकडा चुकला, मोठा ट्रान्सफॉर्मर द्या. मी ते केलं नाही.

कारण सांगतो, ते कारण म्हणून पुरेसं आहे असं मात्र म्हणत नाही. तेलाचे भाव पडले होते. आमच्या ऑफिसातून त्या वर्षी एकेक माणूस कमी होत होता. आज शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस पुढच्या महिन्यात सामान बांधताना दिसायचा. मुलगी दहावीत होती. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर आणि शाळा दोन्ही जातात. आपण होऊन मान पुढे करायची माझी तयारी नव्हती. रिपोर्टात मी लिहिलं, उन्हाळ्यामुळे भार वाढला, पुढील वर्षी विचार व्हावा. हे वाक्य मी एका दमात लिहिलं, याचीच मला आता लाज वाटते.

चार दिवसांनी फ्यूज पुन्हा उडाला. या वेळी मी बाबाला बाजूला घेऊन म्हटलं, दुपारी सगळे एसी एकदम चालू राहिले नाहीत तर हा त्रास होणार नाही. एकदम किती चालतील, त्याने विचारलं. मी म्हटलं, निम्मे. त्याने काठीच्या सावलीकडे बघितलं.

"पाणी कमी झालं तर आम्ही भांडतो का? वाटून घेतो," तो म्हणाला. "हेही तसंच."

दुसऱ्या दिवसापासून गावात एसीच्या पाळ्या सुरू झाल्या. पाटाच्या वरच्या अंगाची अकरा घरं एक तास, मग खालच्या अंगाची अकरा. ज्यांची पाळी नसेल त्यांनी समोरच्यांकडे जाऊन पडायचं. म्हाताऱ्यांनी मशिदीत. फलजला जे नियम तेच याला. पाळी चुकवली की बाबासमोर उभं राहायचं. माझी एकच अट होती, की बाबाच्या घराला पाळी नाही, तिथे सगळं चोवीस तास चालू. त्यावर कुणी हरकत घेतली नाही. बाबाही मान डोलावून तय्यब, म्हणजे बरं, म्हणाला.

फ्यूज पुन्हा उडाला नाही. रमजान संपला, ईद झाली, जुलै गेला. मी निर्धास्त झालो. इतका, की ऑफिसात चहा पिताना मी ही पाळ्यांची गोष्ट लोकांना सांगायचो, माझी हुशारी म्हणून. वीज अशी वाटून घेणारं गाव बघायचं असेल तर माझ्याबरोबर चला, असं म्हणायचो. ट्रान्सफॉर्मर मुळात लहान कुणी लिहिला ते कुणी विचारत नव्हतं आणि मी सांगत नव्हतो.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी बाबाने आम्हाला जेवायला बोलावलं. मी बायकोला आणि मुलीला घेऊन गेलो. पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. रिवाजाप्रमाणे त्या दोघी आत बायकांकडे गेल्या, मी बाहेर बैठकीत बसलो. बैठकीतला एसी बंद होता. बाबाचं घर पाटाच्या वरच्या अंगाला, आणि वरच्या घरांची पाळी दीडला सुरू होणार होती. तासभर मी घाम पुसत भात आणि मटण खाल्लं. बाबाच्या घराला तर पाळी नव्हती, मग हा एसी बंद का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि मी तो मटणाबरोबर गिळला. मला वाटलं, म्हातारा पाहुण्यांसमोर नियम पाळून दाखवतोय.

जेवण आटोपून आम्ही दाराशी चपला घालत होतो. बायको माझ्याजवळ येऊन मालवणीत पुटपुटली, म्हणजे दुसऱ्या कुणाला कळू नये, "तिच्या खोलीतलो एसी पण बंद होतो. मशीन तेवढा चालू. बाई घामान चिंब झाल्ली. सून वल्या फडक्यान तिका पुसता हा. मी इचारलंय तर म्हणता, आमची पाळी दीडाक."

मुलगी म्हणाली, "शी कॅन्ट ब्रीद प्रॉपर्ली, पपा. बोलताना थांबते. मध्ये मध्ये."

मी बाबाकडे वळलो. माझा आवाज चढला असावा. तुझ्या घराला पाळी नाही असं ठरलं होतं ना, मी विचारलं. तो म्हणाला, ठरलं होतं, पण ती ऐकत नाही. म्हणते, मशीनला पाळी नको, ते माझ्या श्वासाचं आहे. थंडावा सगळ्यांचा आहे, तो मी पाळीने घेईन. आपल्या घराने फलजचं पाणी कधी पाळीबाहेर घेतलं नाही.

मग माझ्याच्याने राहवलं नाही. दारातच, एका पायात चप्पल आणि एक पाय मोकळा, मी सगळं सांगून टाकलं. उन्हाचा दोष नाही, लाईनचाही नाही. दर घराला चार धरायचे ते मी एक धरला. ट्रान्सफॉर्मर माझ्यामुळे लहान आहे.

"मालूम है," बाबा म्हणाला.

मला वाटलं त्याला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगू लागलो तर त्याने माझ्या दंडावर हात ठेवला. त्याने जे सांगितलं ते असं. आमच्या लाईनमनने पहिल्याच दिवशी, मी गाडीत फोनवर होतो तेव्हा, त्यांना सांगितलं होतं की हा ट्रान्सफॉर्मर लहान आहे, तुम्ही कंपनीत अर्ज द्या, मोठा मिळेल. त्या संध्याकाळी उपवास सोडल्यावर गावातले पुरुष जमले. काहीजण लगेच अर्ज लिहायला बसले. बाबाने घरी जाऊन बायकोला विचारलं, कारण मशीन तिचं होतं. ती म्हणाली, मोजून कोण गेला होता? तोच ना? मग अर्ज गेला की आधी तो जाईल. बाबाने छावणीत असं खूप पाहिलं होतं. साहेबाकडे कुणीतरी तक्रारीचा कागद द्यायचा आणि संध्याकाळी स्वयंपाक्याची नाहीतर ड्रायव्हरची पेटी ट्रकवर चढलेली दिसायची.

"ती म्हणाली, त्याने मला महिना सांगितला होता," बाबा म्हणाला. "आणि त्या महिन्यात मला घरी आणलं. त्याला घरी पाठवायचं नाही."

मी दुसरी चप्पल पायात घातली. अंगणात ऊन मी म्हणत होतं, आतून मशीनची घरघर ऐकू येत होती. बरोबर दीड वाजता वरच्या घरांचे एसी एकामागून एक सुरू झाले. बाबाने सवयीने सावलीकडे बघितलं.

परतीच्या वाटेवर मुलगी मागच्या सीटवर झोपली होती, किंवा झोपल्याचं सोंग घेऊन पडली होती. मी गाडीचा एसी बंद करून काचा खाली केल्या. बायकोने त्या पुन्हा वर केल्या आणि म्हणाली, "असा करून तिका काय गारवो मिळता?" तिचं बरोबर होतं.

रविवारी, म्हणजे तिकडच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिस उघडताच मी आमच्या मुख्य इंजिनियरच्या केबिनमध्ये गेलो. केरळचे गृहस्थ, मितभाषी, रागावले की आणखी कमी बोलणारे. मी उभ्यानेच सांगितलं. तक्ता, एकचा आकडा, फ्यूज, रिपोर्टातलं वाक्य, पाळ्या, ती बाई, सगळं. सांगताना मी मनातल्या मनात सामानही बांधत होतो. मुलीच्या शाळेचा दाखला कधी काढायचा इथपर्यंत माझं ठरलं होतं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बस, इतना ही?" ते म्हणाले. म्हणाले, आकडे सगळ्यांचेच चुकतात, मीही चुकवलेत, त्यासाठी कुणी माणूस काढतं का? गेले ते काम संपलं म्हणून गेले. तुझी कामं अजून तीन वर्षांची आहेत. मग त्यांनी एक जुना कागद काढून माझ्यासमोर सरकवला. बंद झालेल्या एका कामाचा, आम्हाला हवा होता नेमका तेवढाच ट्रान्सफॉर्मर आमच्या यार्डात शिल्लक होता. "जूनमध्ये सांगितलं असतंस तर जूनमध्ये बसला असता," ते म्हणाले आणि सही करून टाकली.

मी ताबडतोब यार्डात गेलो. ते यार्ड अल हैलहून ऑफिसला जायच्या हमरस्त्याला लागूनच होतं. तारेच्या कुंपणाशी, रस्त्यावरून कुणालाही दिसेल असा तो लाकडी फळ्यांवर उभा होता, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेला. ती बाई दुपारच्या दुपार घामात बसून माझी नोकरी राखत होती, तेव्हा मी रोज सकाळी, रोज संध्याकाळी, त्याच्या समोरून गाडी नेत होतो.